ओलेराँचा बेत

जानेवारीतल्या एका रविवारी, जेवणं आटोपून केकचा तुकडा ताटलीत घेता घेता लेओंतीनबाई सहज म्हणाल्या, "माझा समुद्र बघायचा राहूनच जाणार बहुतेक." एवढं बोलून त्या केककडे वळल्या. पण त्यांच्या थोरल्या मुलाने, रेजिसने, हातातला काटा खाली ठेवला, आणि त्याची बायको सोलांज सावध झाली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याने जेवता जेवता काटा खाली ठेवला की आता काहीतरी ठरवलं जाणार, हे तिला पाठ होतं.

रेजिस नुकताच भूमापन खात्यातून निवृत्त झाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी मोजल्यावर त्याच्याकडे मोजायला काही उरलं नव्हतं, आणि समोर अख्खा फ्रान्स रिकामा पसरलेला होता. आई त्र्याऐंशी वर्षांची झाली, बेरीच्या या सपाट मुलखात गव्हाची शेतं बघण्यात तिचा जन्म गेला, आणि दोन धडधाकट मुलगे असून कोणी तिला समुद्र दाखवला नाही, हा त्याने त्याच दुपारी घराण्याच्या अब्रूचा प्रश्न करून टाकला. एक गाडी, पाच माणसं, चार दिवस. आधी खेडीपाडी, नदीकाठचे महाल, द्राक्षमळे, आणि मग ओलेराँ बेट, म्हणजे थेट अटलांटिक. निघायचं ईस्टरनंतर.

"त्यात ठरवायचंय काय एवढं?" धाकटा फ्लोरां म्हणाला. त्या वर्षात त्या घरात याच्याइतकं निरागस वाक्य दुसरं कोणी बोललं नाही.

पुढच्या रविवारी रेजिस नकाशा घेऊन आला. फोनवर त्याचा विश्वास नव्हता. फोन नुसता रस्ता दाखवतो, देश दाखवत नाही, असं त्याचं म्हणणं. जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडावर नकाशा पसरला, त्याच्या एका टोकावर मोहरीची बाटली ठेवली, दुसऱ्या टोकावर फ्लोरांचं कोपर, आणि सभा सुरू झाली.

पहिलं घोडं टोलच्या रस्त्यावर अडलं. रेजिस महामार्गांचा कट्टर वैरी. महामार्गावरून माणूस प्रवास करत नाही, गुरांसारखी त्याची ने-आण होते, हे त्याचं आवडतं वाक्य होतं आणि ते त्याने त्या दुपारी दोनदा ऐकवलं. फ्लोरां बूर्जला स्वयंपाकघरांची फर्निचरं विकायचा. ओटा बघायला आलेल्या बाईला फडताळंसुद्धा कशी घ्यायला लावायची हे त्याला बरोबर ठाऊक होतं, त्यामुळे भावाशी वाद न घालता त्याने प्रवासात आपलीही एक गोष्ट घुसवली. कोन्याकला त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, त्याच्या तळघरात ब्रँडीची पिंपं होती, वाटेतच पडतं. वाटेत ते अजिबात पडत नव्हतं. पण रेजिसने पेन्सिल वाकडी केली आणि पाडलं.

फ्लोरांच्या बायकोने, मारीव्हॉनने, त्या दिवसांत गहू सोडला होता, दूध सोडलं होतं, आणि सोलांजच्या मते हसणंही सोडलं होतं. तिला किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी समुद्राच्या कोमट पाण्यात बसून अंगाला शेवाळ लपेटून घ्यायचं होतं. "आईंच्या सांध्यांना फार चांगलं," असं ती म्हणाली. आईंच्या सांध्यांची तिला एवढी काळजी असल्याचं गेल्या पंधरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

असं करता करता मे उजाडला. ईस्टर कधीच मागे पडला होता. तोवर आखलेल्या रस्त्यात तीन महाल होते, बकरीच्या चीजची दोन गावं होती, एक जुना मठ होता, ब्रँडीची पिंपं होती आणि शेवाळ होतं. समुद्र यायचा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, डाव्या बाजूच्या खिडकीतून, तोही जेवणाला उशीर होत नसला तर.

सोलांजला एवढ्या महिन्यांत एकदाच काहीतरी विचारलं गेलं, ते म्हणजे मटण अजून आहे का. तिची स्वतःची इच्छा अगदी साधी होती. कुठेतरी वाळूत बसावं, आणि ताटली कोणीतरी दुसऱ्याने आणून ठेवावी. ती कुठला रस्ता, कुठला महाल, कशालाही हो म्हणायला तयार होती. फक्त एकदाचं निघा म्हणावं.

पण निघणं काही होईना. गंमत अशी की दोघा भावांचं एकमत होऊन रेजिस पेन्सिलीला टोपण घालायला लागला, की नेमक्या त्याच क्षणाला लेओंतीनबाईंना काहीतरी सुचायचं. तिकडे वारा फार असतो म्हणे. जूनमध्ये निघालो तर बागेतल्या वाटाण्याचं काय? एवढ्या लांब मागच्या सीटवर बसून माझा पाय नाही का आखडायचा? त्या हे सगळं इतक्या नरमाईने म्हणायच्या, की कोणाला रागावताही येत नसे. रेजिस सुस्कारा टाकायचा, टोपण काढायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सगळे हजर.

जूनच्या सुरुवातीला एका रविवारी पुरुषमंडळी बागेत कॉफी पीत बसली होती आणि मारीव्हॉन गाडीत फोनवर बोलत होती. स्वयंपाकघरात सोलांज भांडी घासत होती आणि सासूबाई पुसत होत्या. बेटावर आता थेट गाडीने जाता येतं, मोठा पूल आहे, असं सोलांज काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"हो, झाला म्हणे पूल," लेओंतीनबाई म्हणाल्या. "आम्ही बोटीने जायचो. लाटा असल्या की सगळ्या पोरी ओकायच्या."

सोलांजने नळ बंद केला.

लेओंतीनबाईंनी हातातला पेला पुन्हा एकदा पुसला, जरा जास्तच वेळ. मग पेला जागच्या जागी ठेवला आणि दाराकडे एक नजर टाकली.

"आई, तुम्ही ओलेराँला गेला होतात?"

"दोन उन्हाळे. लग्नाआधी. पॅरिसहून सुट्टीला पोरं यायची तिथे, त्यांच्या भटारखान्यात मी बटाटे सोलायला होते."

"म्हणजे समुद्र पाहिलाय तुम्ही."

"अगं, पोहलेसुद्धा आहे," सासूबाई म्हणाल्या. "ओरडू नकोस हं. खिडकी उघडी आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते सोलांजने ओल्या हातांनी उभं राहूनच ऐकलं. जानेवारीत ते वाक्य त्यांच्या तोंडून सहजच निघालं होतं. राहून जाणार म्हणजे पुन्हा एकदा बघायचा राहून जाणार, असं त्यांना म्हणायचं होतं. पण रेजिस बोलत सुटला, आणि दुरुस्त करायला जागाच मिळाली नाही. पुढच्या रविवारी दोघंही आले. त्याच्या पुढच्याही. आधी रेजिस नाताळला यायचा आणि फ्लोरां वाढदिवसाला, तेही घड्याळाकडे बघत. दोघे भाऊ एका टेबलाला बसून गेल्या कित्येक वर्षांत जेवले नव्हते, वडलांच्या दफनाचं जेवण आणि जानेवारीतला तो रविवार सोडला तर. आता दर रविवारी मटण पुरत नव्हतं.

"एकदा जाऊन आलो की संपलं ना गं सगळं," त्या म्हणाल्या. "मग पुन्हा नाताळ आणि वाढदिवस."

सोलांजला काय वाटावं हेच कळेना. एकीकडे तिला हसू येत होतं. दुसरीकडे, पाच महिने रविवारमागून रविवार या बाईच्या वाटाण्यापायी आपण घासलेली पातेली तिच्या डोळ्यांसमोर उभी राहत होती. शेवटी ती म्हणाली, "तुमचं ठीक आहे आई, तुमचा बघून झालाय. माझं काय?"

लेओंतीनबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सुनेला काही हवं असू शकतं हा विचार त्या घरात बहुधा पहिल्यांदाच कोणाच्या मनात शिरत होता.

"मंगळवारी तुला सुट्टी असते ना?" त्यांनी विचारलं.

रेजिसला सांगितलं ते असं, की आईंच्या डोळ्यांसाठी प्वातिएच्या डॉक्टरांकडे वेळ मिळाली आहे, तपासणी दोन भागांत आहे, मधे एक रात्र राहावं लागेल. रेजिसने मोठ्या काळजीने प्वातिएपर्यंतचा बिनटोलचा रस्ता कागदावर काढून दिला, वाटेत दोन बघण्यासारखी चर्चही दाखवली. सोलांजने कागद नीट घडी करून ठेवला आणि मंगळवारी सकाळी, तालुक्याची वेस ओलांडल्याबरोबर, गाडी सरळ मोठ्या रस्त्याला घातली. गुरांसारखी ने-आण होण्यात इतकं सुख असेल याची तिला कल्पना नव्हती. प्वातिए आलं आणि गेलं. लेओंतीनबाई पाय लांब करून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. पाय आखडल्याचं त्यांनी चकार शब्दानेही सांगितलं नाही.

दुपारी त्या पुलावरून बेटावर पोचल्या तेव्हा ओहोटी होती. समुद्र दूर कुठेतरी एक चमकती रेघ होऊन पडला होता, आणि अलीकडे नुसता राखाडी चिखल, त्यात कुशीवर कललेल्या होड्या. सोलांज हिरमुसली. एवढं खोटं बोलून यायचं आणि समुद्राने घरी नसावं.

"येतो येतो," सासूबाई म्हणाल्या. "तोवर खाऊन घेऊ."

किनाऱ्यावर कालवं विकणाऱ्यांच्या रंगीत झोपड्या होत्या, त्यांतल्या एकीच्या दारात त्या बसल्या. पाव, लोणी, लिंबू, पांढरी वाइन, आणि बर्फावर मांडलेली कालवं. ताटली एका तरुण मुलीने आणून सोलांजच्या पुढ्यात ठेवली, आणि सोलांजला एकदम भरून आलं. तिने ते लिंबावर ढकललं. लेओंतीनबाई जावयासारख्या ताठ बसून एकामागून एक शिंपला रिकामा करत होत्या. तेवढ्यात रेजिसचा फोन आला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"दूरचं अजून चांगलं दिसतं म्हणाले," सोलांज म्हणाली.

"आणि हा आवाज कसला येतोय?"

छपरावर समुद्रपक्षी केकाटत होते. "लहान मूल आहे रे कुणाचं तरी. डोळ्यांत थेंब घातलेत," तिने सांगितलं. सासूबाईंनी तोंडाला हातरुमाल लावला.

जेवण झाल्यावर त्यांनी पोरांची ती जुनी सुट्टीची जागा शोधली. तिथे आता तंबूंची वसाहत होती, आणि भटारखान्याच्या जागी निळ्या प्लॅस्टिकची घसरगुंडी. लेओंतीनबाईंना वाईट वाटेल म्हणून सोलांज त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, पण त्यांनी घसरगुंडी पाहून एवढंच म्हटलं, की बटाटे सोलण्यापेक्षा हे बरं.

संध्याकाळकडे पाणी आलं. सावकाश आलं, पण आलं. लेओंतीनबाईंनी मोजे काढून ते बुटात कोंबले, सोलांजचा दंड धरला आणि गुडघ्याच्या खालपर्यंत आत गेल्या. पाणी गारठवणारं होतं.

"तुझे सासरे दरवर्षी म्हणायचे, ओलेराँला जाऊ," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, पण आधी नीट ठरवू. त्रेचाळीस वर्षं ठरवत होते बिचारे. अक्षर फार सुंदर होतं त्यांचं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी वाट बघत होते, कधी ठरतंय," त्या म्हणाल्या. "तू बघू नकोस."

सोलांज आणखी दोन पावलं आत गेली. झगा कमरेपर्यंत भिजला, तो तिने भिजू दिला.

रविवारी सगळे नेहमीप्रमाणे जमले. सासू-सून दोघींची नाकं उन्हाने लाल झाली होती. त्यावर मारीव्हॉन म्हणाली की डोळ्यांच्या थेंबांनी असं होतं, तिने वाचलंय. रेजिस त्या दिवशी फॉर्मात होता. समुद्र पहिल्यांदा बघताना वयस्कर माणसाच्या मनावर केवढा ताण येतो, कालवं म्हाताऱ्या पोटाला कशी झेपत नाहीत, हे तो तपशीलवार सांगत होता. लेओंतीनबाई अत्यंत लक्षपूर्वक ऐकत होत्या.

सगळं सांगून टाकावं आणि या पंडिताचा चेहरा कसा होतो ते बघावं, असं सोलांजच्या अगदी जिभेवर आलं. पण बोलता बोलता रेजिसने आईची ताटली आपल्याकडे ओढली आणि तिचं मटण बारीक कापायला घेतलं. फ्लोरांने न विचारता तिच्या पेल्यात पाणी घातलं. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं, दोघं सोम्यूरच्या फाट्यावरून भांडत होते.

"ओलेराँच का पण?" सोलांज म्हणाली. "आता निघायला ऑगस्ट उजाडणार, आणि ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. नॉर्मंडीचं काय?"

रेजिसने बायकोकडे असं पाहिलं की जणू लग्न झाल्यापासून तिने पहिल्यांदा अकलेची गोष्ट केली. मग तो नॉर्मंडीचा नकाशा आणायला गाडीकडे गेला. तो तिथे तयार होताच.

जेवणानंतर सोलांज भांडी घासायला लागली तर रेजिस आत आला, आणि कधी नव्हे ते त्याने पुसायचं फडकं उचललं. दोन-तीन ताटल्या झाल्यावर तो हळूच म्हणाला, "खरं सांगू का तुला? चार दिवस त्या फ्लोरांबरोबर एका गाडीत मला जमणार नाही. इथे टेबलापाशी बरं असतं. तो बोलतो, मी बोलतो, मधे नकाशा असतो."

"मग सांगून टाक ना तसं."

"आईला केवढी आशा लागलीय," रेजिस म्हणाला. "तिचं मन कसं मोडायचं?"

सोलांजने त्याच्याकडे पाहिलं. खिडकीतून फ्लोरांचा आवाज येत होता. तो आईला नॉर्मंडीतल्या सफरचंदाच्या दारूबद्दल सांगत होता, आणि तिकडे एक ओळखीचं गिऱ्हाईक असल्याचंही.

"मागची बाजूसुद्धा पूस," तिने नवऱ्याला सांगितलं आणि पुढची ताटली त्याच्या हातात दिली. "आणि सप्टेंबरात मी चार दिवस नाहीये. किनाऱ्यावर जातेय, एकटी. महामार्गाने."

रेजिसने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, ताटलीची मागची बाजू पुसली, आणि कुठल्या तारखा, एवढंच विचारलं.