बिनसाखरेची मॉबी

ही गोष्ट कुणाला पटणार नाही. माझ्या सख्ख्या भावाला पटली नव्हती, आणि तो तर उडणारा मासा आपण होऊन तव्यात पडतो यावर विश्वास ठेवणारा माणूस. तुम्हीही ठेवू नका. फक्त ऐका.

बार्बाडोसमधल्या आमच्या दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो, मी आणि ऑझी. ऑझी शेजारचा, डॉमिनोच्या सोंगट्या अशा आपटतो की समुद्रातला खेकडा बिळात जावा. आत माझी बायको सेलेस्टीन दुपारच्या गिऱ्हाइकासाठी मॉबी घुसळत होती. मॉबी म्हणजे झाडाच्या कडू सालीचं साखर घातलेलं सरबत. हा सालीचा काढा वगराळ्याने उचलायचा आणि हात उंच करून परत पिंपात सोडायचा, फेस वर येईपर्यंत. तो आवाज चालू असला की घरात सगळं ठीक आहे असं समजावं.

"ऑझी," मी म्हणालो, "आमचं लग्न कसं जमलं, ठाऊक आहे तुला?"

"काका, मागच्या रविवारी सांगितलंत. त्यात देवमासा होता."

"ते दुसऱ्याचं लग्न. हे ऐक."

तेव्हा सेलेस्टीन मॉबी विकायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पत्र्याचा भलाथोरला डबा, डब्याला खाली तोटी. गिऱ्हाइकाने हाक मारली की ती उभी राहायची, एका हाताने कानाजवळ पेला धरायची आणि दुसऱ्याने तोटी फिरवायची. वर पाहणं नाही, डबा उतरवणं नाही. साखर कारखान्याच्या फाटकापासून कोळ्यांच्या किनाऱ्यापर्यंत ती अशी चालायची, की वाटत होतं डबा चाललाय आणि बाई त्याला लोंबकळतेय. पाद्रीबाबा समोर आले तरी तिची मान लवत नसे. डावी भुवई जराशी उडवायची, बस. बाबा तेवढ्यावर आशीर्वाद देऊन टाकायचे.

तिला मागणी घालणारे आम्ही दोघं. एक मी, उसाच्या गाडीवरचा, अंगाला चोथ्याचा वास. दुसरा हवालदार गॅस्किन. त्याच्या कोटाची बटणं एवढी चमकायची की गलबतं त्याला दीपस्तंभ समजून वळायची.

"काका!"

"एक गलबत. एकच वळलं. गप्प बस."

आणि नेमकी तेव्हाच सेलेस्टीनला विलायतेतून इस्पितळातल्या कामाचं बोलावणं आलं. आगबोट शनिवारी. तिने आम्हा दोघांना फाटकापाशी उभं केलं आणि म्हणाली, "माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आधी गोड, मग कडू, मॉबीसारखाच. उद्या मी मॉबी आणते ती बिनसाखरेची. जो पेला रिकामा करील आणि तोंड वाकडं करणार नाही, त्याच्यासाठी राहीन. दोघांचीही तोंडं वाकडी झाली, तर शनिवारी बोटीवर."

आता बिनसाखरेची मॉबी म्हणजे काय, हे बार्बाडोसच्या माणसाला सांगायला नको. ताप आला की आई रानकारल्याचा काढा पाजते ना, तो या मॉबीपुढे मध. दालचिनी, बडीशेप, संत्र्याची साल, सगळं आत असतं, पण साखर नसली की ती बिचारी कोपऱ्यात तोंड लपवून बसतात. सेलेस्टीनने तर झाडाची साल रात्रभर भिजत ठेवली होती. सकाळी येताना एक थेंब रस्त्यावर पडला. एक खेकडा त्यावरून गेला आणि जन्मात पहिल्यांदा सरळ चालला.

ऑझीने सोंगटी खाली ठेवली. "सरळ?"

"नाकासमोर. अजून त्याची पोरं तशीच चालतात, किनाऱ्यावर जाऊन बघ."

कारखान्याचे सगळे लोक फाटकाशी जमले. गॅस्किन आधी आला. सेलेस्टीनने पेला भरून दिला. त्याने मिशांवरून हात फिरवला आणि घटाघट प्यायला. एक क्षण काही नाही. मग त्याच्या मिशा उलट्या वळल्या. बटणं एकेक करून काळी पडली. ओरडायला तोंड उघडलं तर त्यातून शिटीच वाजली, आणि ती ऐकून राजधानीपर्यंतच्या सगळ्या बसगाड्या जागच्या जागी थांबल्या. "मला ड्यूटी आहे," असं म्हणून तो जो निघाला, तो त्या रस्त्याला परत दिसला नाही.

उरलो मी. सेलेस्टीन माझ्याकडे पाहत होती. खरं सांगतो ऑझी, पेला भरताना तिने तोटी जरा लवकरच बंद केली. तिला जायचं नव्हतं रे. पण बोललेला शब्द गिळणारी ती बाई नव्हे.

"मग?"

मग मी प्यायलो. पहिल्या घोटाला आजी आठवली. दुसऱ्याला आजीची आजी आठवली, जिला मी पाहिलेलंच नाही. कडूपणा घशातून पोटात, पोटातून टाचांत गेला, आणि टाचेखालचं गवत वाळलं. पण तोंड? तोंड असं, रविवारी देवळात असतं तसं. शेवटचा थेंब संपवला, ओठ पुसले आणि म्हणालो, "सेलेस्टीन, आणखी एक देतेस?" तेव्हापासून आजपर्यंत मला डास चावलेला नाही. माझं रक्त त्यांना सोसत नाही.

"मग आत्ता मानेवर चापट मारलीत ती कुणाला?"

"ती माशी होती. मुद्दा ऐक. सगळा कारखाना श्वास रोखून उभा. मी विचारलं, 'राहतेस ना?' आणि सेलेस्टीनने, डबा डोक्यावर काठोकाठ भरलेला, सगळ्यांच्या देखत तीनदा मान हलवली. हो, हो, हो. एक थेंब सांडला नाही. फेससुद्धा हलला नाही!"

आत घुसळण्याचा आवाज थांबला.

खिडकीत सेलेस्टीन आली. हातात वगराळं, त्यातून फेस ठिबकतोय.

"भरला डबा डोक्यावर घेऊन कुणी मान हलवतं का रे, खोटारड्या? मूठभर साखर आधीच टाकून ठेवली होती तुझ्या पेल्यात, गुपचूप. तरी तुझं तोंड असं वाकडं झालं की मला हसू फुटत होतं. हसले असते तर सगळी मॉबी अंगावर आली असती, म्हणून घाईघाईने तोंडाने म्हटलं, 'राहते बाबा, राहते, आधी तू तिकडे तोंड कर!'"