दुमडलेलं टोक

तिने गाडीची डावी सीट मागे सरकवली, पाठीवर आडवी झाली आणि डोकं थेट डॅशबोर्डखाली घातलं. पाय दाराबाहेर लोंबत राहिले. दिवसभर कारखान्यात उभं राहून ते आधीच भरून आले होते.

"कशाला जीव काढतेस?" शेजारी खुर्ची टाकून बसलेला नवरा म्हणाला. अंगात दोन स्वेटर, वरून ब्लँकेट. "मोटर जळली असणार. घरी नाही व्हायचं ते."

"तुम्ही टॉर्च नीट धरा."

हीटरचा पंखा बंद पडल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं. एवढ्या गारठ्यात तासभर गाडीत बसून इस्पितळात जायचं नाही. टॅक्सीही नको, दुसऱ्याच्या गाडीत उलटी झाली तर काय. मागची केमोची सलाईन त्याने अशीच चुकवली. उद्याचीही चुकली तर आजवरच्या सगळ्या उपचारांवर पाणी पडेल, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

शेवटचा स्क्रू सुटला आणि पंखा मूठभर सुक्या पानांसकट तिच्या छातीवर आला. तिने बोटाने फिरवून पाहिला. छान गरगर फिरला. जळका वासही नव्हता.

मग तिने वायर चाचपली. प्लग काढलेला होता. त्याची खटकी अंगठ्याने दाबल्याशिवाय तो सुटतच नाही. मोकळ्या तोंडाला काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचं टोक नीट आत दुमडलेलं.

जन्मभर वायरमनचं काम केलेल्या नवऱ्याची ही खोड. पुढच्या माणसाला नखं लावत बसायला नको, म्हणायचा. त्यावरून तिने त्याची कितीदा टर उडवली होती.

तिला संताप आला. खडसून विचारावं असं वाटलं, पण तेवढं बळ उरलं नव्हतं. औषधांनी नखं काळी पडलेला, दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकणारा हा माणूस इथे वाकून बसला कधी? ती घरी नसताना, एकटाच. तिला रडू आलं ते त्या विचाराने.

"काय दिसतंय?"

"पालापाचोळा."

"आणि?"

"तुम्ही म्हणता तेच. मोटर गेलीय." तिने बाहीने नाक पुसलं. "राहू दे उद्याचं. नको जायला."

खुर्ची करकरली, चपला फरफटत गाडीला वळसा घालून गेल्या आणि पलीकडचं दार उघडलं. तो स्टिअरिंगपाशी बसला. धाप कमी होईस्तोवर तसाच बसून राहिला. मग तिच्या अंगावरून वाकून त्याने उजेड बरोबर त्या प्लगवर धरला.

"टोक दुमडलेलं आहे," तो म्हणाला. "तिथून ओढ, लगेच निघेल."