नत्थुजीचे जामीन

अंगणात तुरीच्या काड्यांची चूल पेटवून पार्वताबाई भाकरी थापत होती. वेचणीला जायची घाई होती. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि त्या लढाईपायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बडनेऱ्याजवळच्या त्या गावात लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवत होते. पाटील भगवंतरावांनी तर आपल्या रेंगीच्या, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीच्या, चाकांना चांदीच्या धावा बसवून घेतल्या होत्या. डोक्यात ठेवायला काही नसलं की माणसाचा पैसा असा चाकापर्यंत उतरतो.

फाटकाशी पुंजाराम येऊन उभा राहिला. सत्तावनच्या बंडाच्या खटल्यात हा आणि पार्वताबाईचा नवरा नत्थुजी बरोबरच अकोल्याच्या तुरुंगात गेले होते. पुंजारामची शिक्षा संपली होती, नत्थुजीची नव्हती.

"वैनी, भाऊ रक्त ओकून राहिला," तो खाली बघत म्हणाला. "उठून बसवत नाई त्याले. दागतर साहेब म्हंते, घरी नेऊन मरू द्या. पण दोन इज्जतदार माणसं जामीन पायजेत."

ज्याला बसवत नाही तो पळून जाईल, ही सरकारची काळजी! पार्वताबाईने भाकरी उतरवली, चुलीतली काडी मागे ओढली आणि उठली.

"एक तं घरातच हाये," ती म्हणाली.

घरातला म्हणजे चुलत भासरा, नत्थुजीचा थोरला चुलतभाऊ पाटील भगवंतराव. मेळघाटाकडे निघालेल्या बंडवाल्यांच्या घोड्यांना वैरण गेली होती ती याच भगवंतरावांच्या खळ्यातून. नत्थुजीने फक्त गाडी हाकली होती. पण साहेबापुढे त्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि बायकोलाही तोंड उघडायचं नाही म्हणून शपथ घातली.

डोईवरचा पदर ओढून ती पाटलाच्या ओसरीखाली उभी राहिली. भगवंतराव पान लावत होते.

"पारबती, माह्या हातात काय हाये?" ते म्हणाले. "तुरुंगात कोनाकोनाच्या हातची भाकर खाल्ली त्यानं. जातीनं वाळीत टाकलं त्याले. मी जामीन झालो तं माह्या पोरीचं लगन कोन करंन?"

"भाऊजी, ते मरून राहिले."

"मंग मरणाऱ्याले घर काय अन् तुरुंग काय!"

असं बोलून त्यांनी पानाला चुना पुसला. तो जास्त तर होत नाही ना, एवढीच काय ती त्यांना त्या घटकेला चिंता होती.

पार्वताबाई अमरावतीला गेली. तिथले वकील बापूसाहेब मोठे दयाळू गृहस्थ म्हणून नावाजलेले होते. त्यांच्या दयाळूपणाची बातमी ते स्वतःच सर्वांना देत. दिवाणखान्यात त्यांची मुलगी कुंदा सरकारी शाळेतल्या कमलाकांत मास्तरांपाशी धडा वाचत होती.

"बाई, तुमचं दुःख मी जाणतो," बापूसाहेब म्हणाले. "परवाच सभेत मी दया या विषयावर बोललो. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बंडवाल्यासाठी सही करायची, आणि तीही आत्ता? माझ्या नावाची सरकारी पदवीसाठी शिफारस गेली आहे. एकदा पदवी मिळू द्या, मग माझ्या शब्दाला वजन येईल. तोवर धीर धरा."

"मी धरतो जी धीर. त्यायनं कसा धरावा?"

बापूसाहेबांनी घड्याळ काढून पाहिलं. तेवढ्यात कमलाकांत उठले.

"मी होतो जामीन."

"मास्तर, नोकरी सरकारी आहे तुमची!"

"म्हणून तर माझी सही चालेल."

दुसरा जामीन पुंजारामने शोधला. रिद्धपूरकडचे पंजाबराव महानुभाव पंथाचे होते, पदरी जमीन होती. त्यांनी जात विचारली नाही, गुन्हाही विचारला नाही. "गाडी कवा जुपू?" एवढंच विचारलं.

अकोल्याच्या शिपायांनी नत्थुजीला पोतं टाकावं तसं गाडीत टाकलं. गेला तेव्हा दोन माणसांचं काम करणारा गडी; आता पार्वताबाईने एकटीने त्याला कडबा सारून नीट निजवलं. पंजाबराव गाडी हाकत होते, मास्तर आणि पुंजाराम सोबत होते; वाटभर ती त्याचे ओठ ओल्या फडक्याने पुसत राहिली.

गावच्या वेशीत पंच आडवे उभे होते, पुढे भगवंतराव. आधी डोकं भादरा, पंचगव्य घ्या, जातीला जेवण घाला, मग आत या.

"पानी गिळवत नाई त्यायले," पार्वताबाई म्हणाली. "पंचगव्य कसं पाजू?"

"मंग वेशीभायेर ठेव," भगवंतराव म्हणाले.

तिने गाडी आपल्या शेताकडे वळवायला सांगितली. बांधावरच्या बाभळीखाली नत्थुजीला उतरवलं. त्याने मान वळवून समोरचं पांढरं शेत पाहिलं.

"कापूस मस्त आला वं," तो म्हणाला. दुपार कलताना तो गेला.

आणि मग भगवंतराव आले! पांढरं पागोटं बांधून, पंचांना घेऊन. नत्थुजीचं तोंड कायमचं मिटलं होतं, म्हणजे पाटलाची भीतीही मिटली होती.

"आपलाच मानूस," ते गहिवरून म्हणाले. "मातीले कसला आला विटाळ? चला रे, खांदा देऊ."

पार्वताबाईने डोईवरचा पदर मागे सारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने भासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मांगं सरा, भाऊजी. जित्याले हात नाई देला, मेल्याले खांदा काहून देता? हे बोलतीन म्हून तुमाले भेव होतं. नाई बोलले. मीबी नाई बोलणार. शपथ घातली म्हून नाई. तुमचं नाव घेतलं तं मले चूळ भरा लागंन."

काय ते पंचांना कळलं नाही. भगवंतरावांना पुरतं कळलं. ते दोन पावलं मागे सरले.

तिरडीला कमलाकांत मास्तरांनी खांदा दिला, पंजाबरावांनी दिला, पुंजारामने दिला. चौथा खांदा पार्वताबाईचा. बाईने खांदा दिला म्हणून बांधापलीकडे गलका झाला. पण आडवं यायची छाती एकाचीही झाली नाही.

भगवंतराव पुढे सुखाने जगले. बापूसाहेबांना पदवी मिळाली आणि त्यांनी त्या दिवशी दयेवर आणखी एक भाषण केलं. असल्या माणसांना काही होत नसतं. वाचकांनी आपापल्या गावात नजर टाकावी, आणि जमलं तर आपल्या ओसरीवरही.

राख सावडून झाल्यावर पंजाबराव परतायला निघाले. पुंजाराम चाचरत म्हणाला, "वैनी, तुरुंगात आणखी लोक हायेत. अकोटचा चंद्रभान रातभर खोकते. त्याचं कोनीच नाई."

पार्वताबाईने हात धुतले आणि गाडीकडे गेली.

"दादा, आता मास्तरच्या घरून चला," ती म्हणाली. "त्यायची सही घेऊ, अन् मंग अकोल्याले."