जिवंत आईचा दुखवटा

शांतीबाईंना मयूरीने मारलं होतं. म्हणजे गोष्टीत हो! शांतीबाईंची लेक रिना ही लोणखेड्याची अहिराणी गायिका. तिचं आईवरचं गाणं लागलं की तापीकाठच्या लग्नांत वाढप्यांचे हातसुद्धा थांबायचे. दूरच्या एका गावातली मयूरी तर तिच्यापायी वेडी. कॉलेजातून आली की रिनावर मनाने रचून गोष्टी लिहायची आणि इंटरनेटवर टाकायची. आई गेल्याशिवाय असं गाणं सुचेलच कसं, असं वाटून तिने एका भागात शांतीबाईंना खुशाल मारून टाकलं. वर ‘काल्पनिक’ लिहिलं होतं, नाही असं नाही. पण कुणा शहाण्याने खालचा मजकूर तेवढा उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला.

मयूरीला हे कळलं तेव्हा तिची आई प्रमिलाबाई गावातल्या बायका घेऊन रिक्षात बसलीसुद्धा होती. कुठे? तर रिनाच्या दारावर, दुखवट्याला! मयूरीही घाईघाईने आत घुसली. वाटेत सांगू सांगू म्हणता तिची जीभ उचलेना. खरं सांगितलं तर रिना आपलं तोंडही पाहणार नाही, या भीतीने ती गारठली होती.

लोणखेड्याला उतरताच बायकांनी तोंडाला पदर लावून गळा काढला. दार उघडलं आणि पिठाच्या हातांनी शांतीबाई बाहेर आल्या.

“कोन मरनं वं बाई?” त्यांनी घाबरून विचारलं.

रडणं जागच्या जागी थांबलं. प्रमिलाबाईंनी तर आ वासला. इतक्यात मागून रिना आली, साध्या गाऊनवर, केस विंचरायचे राहिलेले. खरीखुरी रिना! मयूरीचे हात आपोआप जोडले गेले.

“ताई, ते मीच लिखेल शे, तुमनं गानं आवडस म्हनीसन. मायले मीच मारं.”

रिना भडकली. “मन्ही माय जित्ती शे! तुले गानं आवडनं ना, मग मायले कसाले मारं? सकायपाईन फोन येई ऱ्हायनात. हाई गानं म्हनाले जास ते गया दाटस मन्हा!” तिने गळ्यावर हात ठेवून म्हटलं.

मयूरीने रडत रडत तिथल्या तिथे गोष्ट पुसली. पण लोकांच्या मोबाइलमधली कशी पुसणार?

शांतीबाईंनी मात्र पदराला हात पुसले आणि बायकांना ओट्यावर बसवलं. “इतली दूरथीन रडाले उन्यात, ते ऐकीसन जा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनीच ते आईवरचं गाणं धरलं. आवाज कातरा, घरगुती. पण अगं बाई, रिना जिथे दम घ्यायची नेमका तिथेच त्या घेत होत्या! गाणं त्यांचंच होतं, त्यांनी स्वतःच्या आईसाठी म्हटलेलं. रिनाने त्यांचा दंड घट्ट धरला, आणि दुसऱ्या कडव्याला तिचा दाटलेला गळा मोकळा झाला, तीही गाऊ लागली. मयूरी दोघींकडे टक लावून बघू लागली. एवढं मोठं काही इथे जिवंत होतं, आणि आपण घरबसल्या मरण रचलं! तिची तिलाच लाज वाटली.

नकळत तिने रेकॉर्ड करायला मोबाइल वर धरला.

रिनाने गाता गाता त्यावर तळहात ठेवला. कडवं संपल्यावर हळूच म्हणाली, “हाई आम्हनं घरनं शे, बहिन. तू फक्त ऐक.”

मयूरीने मोबाइल बंद केला आणि त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहिली.