शेवटच्याची पहिली निवड

सकाळपासून बेबाबाईला बाकावर धड बसवत नव्हतं. उठायची, शाळेच्या फाटकापर्यंत जायची, परत यायची. जळगावच्या त्या शाळेत बायकांच्या कबड्डी लीगची निवड होती. त्र्याण्णव साल. चार संघ, सामन्यागणिक मानधन, आणि मंडळानं गेल्या हंगामातच जाहीर केलेला नवा नियम : गेल्या साली जो संघ तळाला राहिला, त्यानं यंदा पहिली खेळाडू उचलायची. दुबळ्याला बळ मिळावं म्हणून. ऐकायला किती गोड.

पण त्याला एक शेपूट होतं. जी वर्षभर खेळली नाही, तिचं नाव नव्या पोरींबरोबर यादीत. बेबाबाई सात वर्षं चोपड्याकडून खेळलेली. आठव्या वर्षी बाळंत झाली आणि मंडळाच्या लेखी पुन्हा कोरी करकरीत झाली.

चोपडा तिच्या अडावदहून जवळ. सराव करून संध्याकाळच्या बसनं घरी येता यायचं. बाकीचे संघ लांबचे, तिथं दीड महिना मुक्काम. घरी दहा महिन्यांची लेक अजून अंगावर पीत होती. नणंद म्हणाली होती, "जाय वहिनी, मी पाजसू वाटीवरी." पण वाटी दिसली की पोर तोंड फिरवायची.

आणि गेल्या साली तळाला होता नरडाणा.

म्हणून सकाळच्या चाचणीत बेबाबाईनं जन्मात न केलेली गोष्ट केली. पहिल्या चढाईत अडखळली. दुसरीत एका पोरीनं नुसता हात पुढं केला तर ही आडवी. तिसरीत मध्येच दम सोडला. भिंतीवर बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, "बाई, बारशाले आली का खेळाले?" सगळे हसले. वाईट खेळणं सोपं असेल असं तिला वाटलं होतं. तसं ते नव्हतं.

मधल्या सुट्टीत नळापाशी झुंबरबाई आली. नरडाण्याची कर्णधार, अख्ख्या खानदेशात तिच्यासारखी पकड कुणाची नव्हती.

"घोटा बरा शे ना?"

"शे ना, अक्का. काय व्हयनं त्याले?"

"काही नही. पोरना हात लागाना पह्यलेच तू पडनी, म्हनीसन इचारं."

बेबाबाईनं ओंजळ तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"मुद्दाम पडणं कसं दिसस ते मी जानस," झुंबरबाई हळू आवाजात म्हणाली. गेल्या साली शेवटच्या सामन्याआधी त्यांच्या मॅनेजरनं सांगितलं होतं, हरा, म्हणजे पुढल्या साली पहिलं नाव आपलं. झुंबरबाईनं हातात आलेला पाय सोडून दिला होता. घरातसुद्धा ती हे कुणाला बोलली नव्हती. "कोनासाठे हारनूत, ठाऊक शे? तुनासाठे."

"मी सांगं व्हतं का हारा म्हनीसन?"

"तुले कोन इचारस? माले तरी कोनी इचारं?"

"पोर पेती शे, अक्का," बेबाबाई म्हणाली.

झुंबरबाईनं नळ बंद केला आणि गेली.

दुपारी वर्गात सगळे दाटीवाटीनं बसले. मंडळाचे सचिव पितांबरभाऊंनी वही उघडली. "नरडाणा."

झुंबरबाई उठली. "नर्मदा, यावल."

मागं बसलेल्या मॅनेजरला ठसकाच लागला. बेबाबाई बाकावर पुढं सरकून बसली.

"चोपडा."

चुडामण सर उठले. सात वर्षं त्यांनीच तिला शिकवलेलं, ते तरी सकाळचं सोंग ओळखतील असं तिनं धरलं होतं. सरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सकाळचं पडणं त्यांना खरंच वाटलं होतं. "कुंदा, एरंडोल."

पुढचं नाव धुळ्याचं, आणि धुळ्याचा माणूस तिच्याकडंच बोट करून शेजारच्याशी कुजबुजत होता. ती उठली तेव्हा काय बोलणार हे तिलाही माहीत नव्हतं.

"सर, मी सकाळी मुद्दाम पडले."

पितांबरभाऊंनी चष्मा काढला. "चाचणीत लबाडी म्हणजे वर्षभर बाहेर. माहीत आहे ना, बाई?"

"आहे."

"मग आमचंही लिहा, भाऊ." झुंबरबाई उभी होती. "गेल्या साली आम्ही मुद्दाम हरलो. ही मिळावी म्हणून."

"खाली बस!" मॅनेजर ओरडला.

"वरीसभर बसेलच शे," ती म्हणाली.

मग एकच गलका. ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं ते जळगाववाले नीतीवर सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. पितांबरभाऊ बिचारे वहीकडं बघत राहिले. एकीला काढायचं तर अख्ख्या संघाला काढावं लागणार, आणि तीन संघांची कसली लीग? शेवटी त्यांनी ते पान फाडलं. नरडाण्याची पाळी आता शेवटी. पहिलं नाव चोपड्याचं. चाचणी पुन्हा, आत्ताच्या आत्ता.

"आणि बेबाबाई, आता पडलात तर घरी."

नरडाण्याच्या मॅनेजरनं तिथल्या तिथं झुंबरबाईचं कर्णधारपद काढून घेतलं. "घ्या," म्हणत ती मैदानात जाऊन पकडणाऱ्यांच्या कोपऱ्यात उभी राहिली.

पाजायची वेळ कधीच टळली होती. बेबाबाईची छाती दगडासारखी झाली होती, कुडता ओला. तिनं ओढणी गच्च आवळून बांधली आणि रेषा ओलांडली. कबड्डी, कबड्डी. एकीला टिपलं, दुसरीला टिपलं, वळली, आणि झुंबरबाईनं घोटा धरला. काय धरला! दोघी धुळीत. बेबाबाई कोपरांवर स्वतःला ओढत होती, मागून झुंबरबाई फरफटत येत होती, पण सोडत नव्हती. रेषा वीतभर राहिली आणि दम संपला.

"बस, बाई, बस!" चुडामण सर टाळ्या वाजवत आत धावले. "भाऊ, लिहा, चोपडा! बेबाबाई, चोपडा!"

बेबाबाई उठली. गुडघा सोललेला, तोंडात माती. सरांना तिनं हातानं बाजूला केलं.

"थांबा, सर. एक चढाई अजून." आणि झुंबरबाईकडं वळून, "ऊठ ना, अक्का."