काउंटरपलीकडचा मामा

स्वप्नालीच्या घरात त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ एकच विषय होता: तिसरा लॅपटॉप घ्यायचा कुठून?

पहिल्या लॅपटॉपने घरात पाय ठेवला आणि आठवड्याच्या आत पडद्यावर उभी गुलाबी रेघ ओढली. आधी केसाएवढी, मग दोऱ्याएवढी, मग चांगली ओढणीच्या काठाएवढी! तो बदलून आलेला दुसरा दिसायला अगदी राजबिंडा, पण मांडीवर घेतला की इस्त्रीसारखा तापायचा आणि स्वप्नाली फाईल सेव्ह करणार एवढ्यात मान टाकायचा. अकरावीला हौसेने आयटी विषय घेतलेल्या पोरीच्या नशिबी हे असे पाहुणे. तोही परत गेला, पैसे परत आले आणि आता ताटावर बसल्या बसल्या पुन्हा चर्चा सुरू झाली होती.

"ऑनलाइन मागवू," स्वप्नाली म्हणाली.

"अजिबात नाही." पप्पा एमआयडीसीतून शिफ्ट संपवून नुकतेच आले होते. "खोक्यातून विटेचा तुकडा निघाला तर मी कुणाची कॉलर धरू? त्या डिलिव्हरीवाल्याची?"

"तुम्ही कुणाची कॉलर धरलीय कधी, पप्पा?"

"म्हणूनच म्हणतो. मला काय तुझ्यासारखं जमत नाही."

पप्पा गमतीत म्हणाले होते. पण स्वप्नालीने हातातला घास परत ताटात ठेवला. मग बदलापूरच्या शोरूमचं नाव निघालं, कल्याणच्या मॉलचं निघालं, पप्पांच्या मित्राच्या मेहुण्याचंही निघालं. फक्त एक नाव कुणी घेतलं नाही. एरवी मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याला रडकुंडीला आणणारी मम्मी तर ताटात बघून गप्प जेवत होती.

ते न घेतलेलं नाव होतं आकाशमामाचं.

आकाशमामा म्हणजे मम्मीचा धाकटा भाऊ. उल्हासनगरला हितेशशेठच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो कित्येक वर्षं काउंटरवर होता. अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणाला साधी इस्त्री घ्यायची असली तरी पहिला प्रश्न असतो, "ओळखीत कोण आहे का?" आणि स्वप्नालीच्या घरी ही ओळख होती, सख्खी, रक्ताची! पंखा, मिक्सर, टीव्ही, फ्रिज, सगळं मामाच्या हातून आलेलं. दोन्ही लॅपटॉपही त्यानेच आणलेले. दुसरा बिघडल्यावर तो फोनवर म्हणाला होता, "स्वपे, मंगळवारी ये. शेठ खरेदीला मुंबईला जातो. मी गुपचूप बघतो काय ते."

गुपचूप! त्या एका शब्दाने सगळा घोळ केला.

कारण स्वप्नाली आता गुपचूप राहिलेली नव्हती. एप्रिलपर्यंत वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही जिचा आवाज बाकाखाली जायचा, ती भीमजयंतीच्या भाषणस्पर्धेत विहारापुढच्या मांडवात अशी काही कडाडली की पहिलं बक्षीस घेऊनच खाली उतरली. तेव्हापासून तिला वाटायचं, आपल्या गळ्यात कुणीतरी माइक बसवलाय. सुट्टे न देणारा रिक्षावाला, रांग मोडणारी काकू, फॉर्म न घेणारा क्लार्क, सगळ्यांना तिने सरळ केलं होतं. मग हितेशशेठ काय चीज? आपला हक्क असताना मंगळवारपर्यंत थांबायचं कशाला?

ती रविवारीच गेली. सोबत मैत्रीण शलाका, शलाकाच्या हातात फोन. दुकान गिऱ्हाइकांनी गच्च भरलेलं. स्वप्नालीने लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि आवाज असा लावला की बाहेरचा पाणीपुरीवालाही वळून बघू लागला.

"माझा सख्खा मामा तुमच्याकडे कामाला आहे, शेठ! सख्ख्या भाचीच्या गळ्यात असं डबडं मारता, तर या बाकीच्या लोकांना काय देत असाल?"

टीव्ही घ्यायला आलेल्या एका काकांनी उघडलेलं पाकीट परत खिशात घातलं आणि ते चालते झाले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं गेले. हितेशशेठचा चेहरा लालबुंद. "ले बेटी, पैसे ले, और बस कर," म्हणत त्याने तिथल्या तिथे पैसे मोजून दिले. शलाकाने सगळं शूट केलं. संध्याकाळी तो व्हिडिओ स्वप्नालीच्या स्टेटसला लागला आणि मैत्रिणींनी त्याच्याखाली आगीच्या इमोजींचा नुसता वणवा पेटवला.

स्वतःला बघताना माणसाला दुसरं काही दिसत नाही. स्वप्नालीने तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल कोण जाणे, पण कोपऱ्यात उभा असलेला मामा तिला फार उशिरा दिसला. लॅपटॉपची रिकामी बॅग त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. तिने आवाज वाढवून ऐकलं. तिच्या बोलण्याच्या मध्येच शेठ विचारत होता, "आकाश, ये तेरी भांजी है?"

"हां सेठ," मामा म्हणाला. आणि मग, त्या तसल्या वेळी, किंचित हसून: "बोलती अच्छा है ना?"

स्वप्नालीने फोन उशीखाली सारला. मग पुन्हा काढून स्टेटस उडवलं. पण ज्यांनी बघायचं त्यांनी केव्हाच बघितलं होतं.

दोन-तीन दिवसांनी भावनामामीचा मम्मीला फोन आला. मम्मीचे हात पिठात होते, म्हणून फोन स्पीकरवर. "ह्यांना काउंटरवरून काढलं हो ताई. गोडाऊनला टाकलंय, खोकी उचलायला. शेठ बोलला, तेरे घरवालेच दुकान की इज्जत निकालते हैं, तू गिऱ्हाइकापुढे उभा राहू नको. कमिशन पण गेलं. जाऊ दे, आम्ही काही म्हणत नाही. पोरगी लहान आहे."

'पोरगी लहान आहे' हे ऐकून स्वप्नालीला वाटलं, मामीने सरळ थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"पण मम्मी," फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "मी बोलले ते खोटं थोडीच होतं? माल खराबच होता ना?"

मम्मी पीठ मळायची थांबली. "त्याने आधीच सांगितलं होतं."

"काय?"

"तो माल नवा नसतो गं. गिऱ्हाइकाने परत केलेला, दुकानाने दुरुस्त केलेला. तो नोकरांना स्वस्तात मिळतो. आपल्या घरातलं सगळं तसलंच आहे. दुकान बंद झाल्यावर आकाश बसून एकेक वस्तू चालवून बघायचा, मग आणायचा. मिक्सरमध्ये भिजवलेली डाळ फिरवून बघितली होती त्याने." मम्मीने मनगटाने कपाळावरचे केस मागे केले. "लॅपटॉपला तो नकोच म्हणत होता. म्हणाला, 'ताई, यातलं मला कळत नाही, हा नवाच घ्या.' मीच मागे लागले. आणि तुला सांगू नको म्हणूनही मीच सांगितलं. तुला मैत्रिणींपुढे कमीपणा वाटला असता."

स्वप्नालीला रडायचं होतं की भांडायचं होतं, तिचं तिलाच कळेना. फसवलं कुणीच नव्हतं. आणि ती भर दुकानात फसवलं म्हणून ओरडून आली होती. मामाने तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, 'तुझ्या आईनेच मागून घेतलाय हा.' मग तिचाच चेहरा बघण्यासारखा झाला असता. तो बोलला नाही.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिचं ठरलं. सकाळी उठल्याबरोबर तिने जाहीर केलं, "लॅपटॉप हितेशशेठकडूनच घ्यायचा. सीलबंद, पूर्ण किमतीत. आणि मामाच्याच हातून."

पप्पा दाढी करता करता थांबले. "काल तर बदलापूर बेस्ट होतं."

"काल होतं."

उल्हासनगरला जाताना तिने रिक्षात माफीचं भाषण तयार केलं. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं झकास जमलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायचं, शेठच्याही डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

पण दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारं जोडपं होतं, फ्रिजचं दार उघडून बघत उभं. शेठने तिला बघितलं आणि हात जोडले. "आओ मॅडम. आज क्या वापस करना है?"

"वापस नहीं, सेठजी. नया लेना है. सील पॅक. पण दाखवायला मामाच पाहिजे."

शेठने तिच्याकडे नीट निरखून बघितलं, मग मागे तोंड करून हाक मारली, "आकाश! आगे आ जा जरा."

मामा गोडाऊनच्या दारातून आला. शर्टावर धूळ, केसांत थर्माकोलचे दाणे. तिला बघून क्षणभर थबकला. मग रुमालाने हात पुसून काउंटरच्या आत जाऊन उभा राहिला.

"जय भीम, मामा," ती म्हणाली.

"जय भीम." हळूच. आणि मग एकदम दुकानाच्या आवाजात, "बोला मॅडम. बजेट किती आहे आपलं?"

तिला वाटलं, गंमत करतोय. पण त्याने कपाटातून लॅपटॉप काढला, झाकण उघडलं आणि सुरू झाला. "हा बघा, हा वजनाला हलका. हा तुम्हाला कॉलेज संपेपर्यंत चालेल. बॅटरी चांगली देतो, तुम्ही किंमत वगैरे बघून घ्या." तुम्ही! ज्याच्या खांद्यावर बसून तिने जयंतीच्या मिरवणुका बघितल्या तो तिला तुम्ही म्हणत होता.

"मामा, मला मॅडम काय म्हणतोस?"

"काउंटरवर सगळे सर नाहीतर मॅडमच असतात," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

शेठ फ्रिजकडे वळला तसा मामाने आवाज खाली आणला. "हा घेऊ नकोस."

"का? खराब आहे?"

"चांगला आहे, नवा आहे. पण उद्या काही झालं तर आम्ही फक्त ठेवून घेतो आणि ठाण्याला पाठवतो. महिना-महिना येत नाही. लोक येऊन माझ्या नावाने ओरडतात म्हणून माहीत. बदलापूरला या कंपनीचं स्वतःचं शोरूम आहे, दुरुस्ती तिथेच वरच्या माळ्यावर. तिथून घे. तुझे दोनदा हाल झालेत."

"पण मग तू परत गोडाऊनला?"

मामाने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. "तू लॅपटॉप घ्यायला आलीस की मला काउंटरवर बसवायला?"

"दोन्हीसाठी."

"दोन्ही नाही जमणार, बाळा. दाजींच्या ओव्हरटाइमचा पैसा आहे तो. तो माझ्यापायी नको घालवूस."

रिक्षातलं भाषण कुठे गेलं कुणास ठाऊक. सुरुवात आठवेना, शेवट आठवेना. "मामा, मी त्या दिवशी..." एवढंच निघालं.

"क्या हुआ?" शेठ परत आला. "पॅक करें?"

हो म्हटलं असतं की झालं असतं. मामा उद्यापासून काउंटरवर, मामी खूश, मम्मीची मान वर आणि स्वप्नालीच्या छातीवरचा धोंडा बाजूला. तिने मामाकडे बघितलं. त्याने शेठच्या नजरेआडून मान अगदी थोडी हलवली. नको.

एकदा त्याचं न ऐकता ती रविवारी आली होती.

"घर में पूछ के आती हूँ," ती म्हणाली. आवाज एप्रिलच्या आधीचा होता. मग जाता जाता वळली. "सेठजी, उस दिन मैंने गलत बोला. मामा ने पहलेही बताया था के पीस पुराना है. हमनेच माँग के लिया था. मामाची काही चूक नव्हती."

हितेशशेठ वाईट माणूस नव्हता. त्याने सुस्कारा टाकला. "ये बात उस दिन बोलना था बेटी, सब के सामने. अभी कौन सुन रहा है?"

म्हातारं जोडपं केव्हाच निघून गेलं होतं.

"आकाश, तू जा अंदर," शेठ म्हणाला. "वॉशिंग मशीन की गाडी आएगी." मामाने लॅपटॉप कपाटात जागेवर ठेवला, कपाट लावलं आणि आत गेला.

शनिवारी पप्पा आणि ती बदलापूरला गेले. शोरूम चकाचक, थंडगार. स्वप्नालीने दुरुस्तीचा विभाग स्वतः वर जाऊन बघितला, सील डोळ्यांसमोर फोडायला लावलं, आणि पैसे देण्याआधी बाजूला जाऊन मामाला फोन लावला. पलीकडे खोकी सरकवल्याचे आवाज येत होते.

"सगळी बटणं दाबून बघितलीस?" मामाने विचारलं.

"हो."

"कॅमेरा? चार्जर त्याच खोक्यातला आहे ना?"

"हो, मामा."

"मग घे."

ती फोन कानाला धरून उभीच राहिली. "उद्या येशील घरी? सेटिंग करून द्यायला?"

"तुला येतं की सगळं."

"येतं. तरी ये."

पलीकडे कुणीतरी ओरडलं, 'साइड दे, साइड दे.' मामा धापा टाकत परत फोनवर आला. "रविवारी माल उतरतो गं आता आमचा. बघतो. जमलं तर." आणि घाईघाईने, "बिल जपून ठेव," म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाला?" पप्पांनी विचारलं.

"घे म्हणाला."

"आणि उद्या येतोय का?"

पैसे भरून झाल्यावर स्वप्नालीने बिलाची घडी करून पर्समध्ये ठेवली. काउंटरवरचं खोकं तिने उचलून छातीशी धरलं. स्टेशनपर्यंत पप्पा दोनदा म्हणाले, दे माझ्याकडे, हात दुखतील. तिने दिलं नाही.