ठिकाणाचा रकाना

मी एक वही बोलतेय. कवितांची नाही, गाण्यांची नाही, पक्ष्यांची. जाड पुठ्ठा, शर्टाच्या खिशात जेमतेम मावेन एवढा आकार आणि कडेला पेन्सिल अडकवायला कापडी नाडी.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. माझ्यावर रेघा मारल्या त्या माझ्या मालकिणीच्या बाबांनी. जंगलातल्या झाडांवर आकडे ठोकायच्या नोकरीतून ते निवृत्त झालेले. लेकीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी त्यांनी स्टीलची पट्टी घेऊन माझ्या पानापानावर पाच रकाने आखले. तारीख, वेळ, पक्षी, ओळखीची खूण, ठिकाण. जावयाला घड्याळ दिलं, मुलीला मी.

मला तिच्या हातात ठेवताना ते एकच बोलले, आणि तेही तिनं लहानपणापासून ऐकलेलंच. "घरटं दिसलं तर ठिकाणाच्या रकान्यात आडवी रेघ मारायची. वही हरवते. कोणाला सापडेल, सांगता येत नाही."

मी हरवले नाही. बाबांचा अंदाज तेवढा चुकला.

तिच्या नव्या घरात सगळ्यांत कोरडी जागा नवऱ्याच्या कॅमेऱ्याच्या लेन्सची होती. काचेचं कपाट, आत दिवा, दमटपणा मोजायचं यंत्र. तिच्या कपड्यांना भिंतीची ओल लागायची, लेन्सना नाही. मला जागा मिळाली ती फ्रिजवर, पावाच्या पिशवीशेजारी. तक्रार नाही, तिथून स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल दोन्ही दिसायची.

नवरा विम्याच्या ऑफिसात. सहा दिवस लोकांच्या मरणाचे अर्ज तपासायचा आणि रविवारी पहाटे जंगलात जायचा. फोटो उत्तम काढायचा, पण काय काढलंय ते त्याला कळत नसे. ते ती सांगायची. लॅपटॉपवर तो एकेक फोटो पुढं सरकवायचा आणि ती पोळ्या लाटता लाटता, मान वळवून, नाव सांगायची. तो मित्रांपुढं अभिमानानं म्हणायचा, माझ्याकडं लेन्स आहे आणि हिच्याकडं डोळे. मित्रांचेही फोटो मग तिच्या फोनवर येऊ लागले. "वहिनी, हा कोण?" ती शांतपणे उत्तर लिहायची. बोलण्यापेक्षा तिला ते सोपं जायचं.

सासूबाईंना या सगळ्याचं नवल वाटे. लोक लग्न झाल्यावर फिरायला जातात, ही दोघं जळवांना रक्त द्यायला जातात, असं त्या शेजारणीला सांगत.

एक सवय मात्र तिला खुपायची. रंगीत पक्ष्यांत नर भडक आणि मादी बहुधा मातकट. मादीचे फोटो तो तिथल्या तिथं पुसून टाकायचा. "जागा अडते," म्हणायचा. माझ्या चौथ्या रकान्यात मात्र मादीची खूण नरापेक्षा दोन ओळी जास्त भरायची.

त्याला हवा होता कर्णा. हा पक्षी दाट सावलीत राहतो. नराचं पोट लालभडक, डोळ्याभोवती निळं कडं. पण माणूस दिसला की तो पाठ करून बसतो, आणि पाठ वाळक्या पानासारखी. नवऱ्याकडं कर्ण्याच्या पाठीचे चाळीस फोटो होते. वर्षाच्या मोठ्या फोटो-प्रदर्शनानं ते दोनदा परत पाठवले होते. समोरून पोट मिळालं तर यंदा काम होईल, असं तो जेवतानाही म्हणायचा.

ती शिकवायची ती शाळा दुपारची, त्यामुळं सकाळी ती एकटीच स्कूटरवरून जंगलाच्या कडेला जायची. अशाच एका बुधवारी तिला कर्ण्याचं घरटं दिसलं. कुजका बुंधा, वरून पोकळ, पुढं वेलीचा पडदा, आत दोन पिल्लं. नर किडा घेऊन आला तेव्हा तिनं श्वास रोखला. नाडीची पेन्सिल माझ्यावर हलली ते मला जाणवलं. चार रकाने भरले. पाचव्यात आडवी रेघ मारली.

संध्याकाळी त्यानं मला फ्रिजवरून काढलं.

"ही रेघ कशाची?"

तिनं बाबांचा नियम सांगितला. तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "माझ्यापासूनही?"

लग्नाला चार महिने झाले होते. ती म्हणाली, रविवारी दोघंच जाऊ. लांबून. दहा मिनिटं. तो म्हणाला, "बरं, मॅडम. दहा मिनिटं." तिनं पेन्सिल घेतली आणि रेघेवरच लिहिलं: मोडक्या पुलापासून ओढ्यानं वर चाळीस पावलं, डावीकडं, छातीइतका उंच बुंधा. अक्षर जरा वाकडं आलं. माझ्या अंगावरची ती पहिली चूक, आणि ती प्रेमानं केलेली. म्हणून तर खोडता येत नाही.

रविवारी पहाटे तो उठला. तिला उठवलं नाही. मला खिशात घातलं आणि निघाला. पुलापाशी आणखी चौघं उभी होती.

"वहिनी नाही आल्या?" दातांच्या डॉक्टरनं विचारलं.

"झोपू दे तिला," हा म्हणाला.

पुढचं तिनं पाहिलं नाही. पाहिलं ते मी, खिशातून, अर्धंमुर्धं. कॅमेऱ्यांच्या पाच तिकाट्या उभ्या राहिल्या. एक पान मधे येत होतं. डॉक्टरनं बॅगेतून बारीक कात्री काढली आणि ज्या हलक्या हातानं तो हिरडीचे टाके कापत असेल, त्याच हातानं पान कापलं. मग दुसरं. मग वेलच. मी तिच्या नवऱ्याच्या छातीला टेकलेली होते. त्या छातीत धडधड होती, आनंदाची. तो एकदाही "पुरे" म्हणाला नाही. नर आला, चोचीत नाकतोडा, आणि पिल्लांसाठी पहिल्यांदाच माणसांकडं तोंड करून बसला. मग बराच वेळ फक्त कळा दाबल्याचा आवाज. तीन तास.

त्या दिवशी तो म्हणाला, सहज चक्कर मारून आलो, तू दमली होतीस. फोटो दाखवला. तिनं "पडदा कुठं गेला?" एवढंच विचारलं. त्यानं ऐकलं नसावं.

बुधवारी ती गेली. पोकळीवर ऊन पडलं होतं. आत काही नव्हतं. जवळच्या फांदीवर टकाचोर बसला होता, लांब शेपटीचा, घरटी लुटणारा. त्याच्यावर तिनं राग काढला नाही. वाळलेली वेल उचलली, कापलेलं टोक बोटानं चाचपलं. जनावर असं तिरकं, साफ कापत नाही. तिनं माझ्यात लिहिलं: घरटं रिकामं. पेन्सिल इतकी दाबली, की मागची तीन पानं अजून ते वाचून दाखवतात.

घरी तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, निसर्गात हे चालायचंच.

प्रदर्शनात फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. नाव दिलं होतं 'बाप'. दाराएवढ्या मोठ्या आकारात हॉलच्या भिंतीवर लावला होता. त्याचं श्रेय तो एकटा लाटेल, तिला विसरेल, अशी मला भीती होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो माईकपाशी गेला आणि अगदी मनापासून म्हणाला, "हा फोटो माझ्या बायकोचा आहे. घरटं तिनं शोधलं."

सगळा हॉल तिच्याकडं वळून टाळ्या वाजवू लागला. मी तिच्या पर्समध्ये होते. तिनं पर्स पोटाशी घट्ट धरली आणि भिंतीकडं पाठ करून उभी राहिली.

त्यानंतर माझा एकही रकाना मोकळा राहिला नाही. आडवी रेघ बंद झाली. धनेशाची ढोली, नवरंगाचं घरटं, खंड्याचं बीळ, प्रत्येकाचं ठिकाण ती सुवाच्य अक्षरात लिहू लागली. पावलांसकट. नवरा खूश. रविवारी तो मला उघडून पाठ करतो, पानापानांच्या नक्षीचं कापड पांघरून त्या त्या जागी बसतो आणि दुपारी जळवा काढत परत येतो. लोकांना सांगतो, पक्षी फार कमी झालेत हो. ती त्याला गरम पाणी देते आणि पुढचं ठिकाण लिहिते. घरात भांडण नाही. सासूबाई म्हणतात, गुणाची पोर, आवाज म्हणून नाही.

मध्यंतरी बाबा आले होते. त्यांनी मला चाळलं. ते जंगल त्यांना झाडानिशी पाठ. दगडखाणीच्या माथ्यावर धनेशाची ढोली, हे वाचून ते थांबले. तिथं झाडच नाही. मग सावकाश मागं गेले, वाकड्या अक्षरापर्यंत, खालच्या रेघेपर्यंत. मला मिटून फ्रिजवर ठेवलं.

"अक्षर सुधारलं तुझं," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली आणि कणकेचा हात धुवायला वळली.

माझी आता सात पानं उरलीत. पुठ्ठा सुटलाय. उद्या मी रद्दीत जाईन, किंवा कोणी अभ्यासू माणूस मला जपूनही ठेवेल. त्याला माझं सांगणं आहे. तारखा खऱ्या आहेत, वेळा खऱ्या आहेत, पक्षी आणि त्यांच्या खुणाही खऱ्या. शेवटचा रकाना तेवढा वाचू नका. तिथं गेलात तर एक माणूस कापड पांघरून बसलेला सापडेल. त्याला काही सांगू नका.